चंदूकाकांचा सहावा बांगडा

चंदूकाका चहाचा कप घेण्याआधी दोन्ही तळहात दाखवत. आधी सरळ, मग उलटे, मग बाह्या कोपरापर्यंत सारून पुन्हा एकदा सरळ. हातात काही लपवलेलं नाही अशी यजमानाची खात्री पटली की मगच कप उचलत. हे ते लग्नघरी करत, बँकेत स्लिप भरण्याआधी करत, आणि एकदा कोणाच्या तरी बाराव्याला पानावर बसतानाही त्यांनी केलं होतं. घरी बनियनवर असले की सारायला बाह्या नसत. तरी सारत.

निवृत्त होईपर्यंत नोकरी बर्फाच्या कारखान्यात. उरलेल्या वेळात जादूगार. त्यांच्या कापडी फलकावर 'विश्वविख्यात जादूगार सी. प्रिन्स' असं लिहिलेलं होतं. हे विश्व उत्तरेला आचऱ्यापर्यंत, दक्षिणेला शिरोड्यापर्यंत आणि पूर्वेला कसालच्या बाजारापर्यंत होतं. पश्चिमेला समुद्र असल्यामुळे तिकडे कीर्ती पसरायला वाव नव्हता.

मी आमच्या तोंडवलीच्या वाचनालयाचा कार्यवाह. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला दरवर्षी एक व्याख्यान असतं. व्याख्यान असतं म्हणून लोक येत नाहीत, आणि लोक यावेत म्हणून त्यानंतर चंदूकाकांचा जादूचा प्रयोग ठेवलेला असे. मी कितीही धाकटा असलो तरी ते मला 'सेक्रेटरीनू' अशीच हाक मारत. पदाचा मान राखला की माणसाचा राखायची गरज उरत नाही, हे त्यांना ठाऊक असावं.

त्यांच्या प्रयोगात चमत्कार ठरलेले होते. रुमालाचा रंग बदले, टोपीतून ससा येई, आणि शेवटी तलवारींची पेटी. पेटीत मनूकाकी बसे. मनूकाकी म्हणजे त्यांची बायको. सकाळभर तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, मासळी विकायची, आणि जादूच्या दिवशी हात लिंबाने धुऊन, चमकीची ओढणी घेऊन पेटीत जायचं. चंदूकाका आठ तलवारी खुपसत, बायका किंचाळत, मुलं रडत, आणि पेटी उघडल्यावर मनूकाकी उठून उभी राही. तिच्या चेहऱ्यावर बस चुकलेल्या बाईचा भाव असे.

मनूकाकीविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. तिठ्यावर तिच्यासमोर उभं राहून मासा पारखायची कोणाची हिंमत नव्हती. मासा कोणत्या होडीतून आला, सकाळी आला की काल, बर्फात किती राहिला, हे ती तो हातात घेण्याआधी सांगे. भावाच्या बाबतीत ती कोणाला दाद देत नसे. शिव्या मात्र फुकट देई, आणि त्या मिळाल्याशिवाय गिऱ्हाइकांनाही मासे नेल्यासारखे वाटत नसत.

त्या वर्षी वर्धापनदिनाला प्रमुख पाहुणे म्हणून बाहेरचे एक गृहस्थ आले होते. त्यांनी वाचनालयाला एक लोखंडी कपाट दिलं होतं, त्यामुळे वाचनसंस्कृतीवर बोलायचा अधिकार त्यांना आपोआप मिळाला होता. चंदूकाकांचा प्रयोग झाल्यावर त्यांना पुन्हा बोलावंसं वाटलं.

"मी तर थक्क झालो," ते म्हणाले. "कारण हाच खेळ मी गेल्या आठवड्यात मोबाइलवर पाहिला. दिल्लीकडचा कोणी जादूगार होता. हाच रुमाल, हाच ससा, मध्ये केलेला विनोदही हाच. आणि चंद्रकांतरावांनी तो कसा केला? हुबेहूब! कुठे म्हणजे कुठे फरक नाही!"

टाळ्या पडल्या. गृहस्थांचा हेतू चांगला होता. मी शाल आणि नारळ पुढे केला. चंदूकाकांनी तो सरळ घेतला. तळहात दाखवले नाहीत. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रुमाल, टोपी, पेटी, तलवारी असा सगळा संसार टेम्पोत घातला आणि कसालला वाढदिवसांचे कार्यक्रम करणाऱ्या एका जादूगाराला देऊन टाकला. ससाही दिला. मी विचारायला गेलो तेव्हा ते पडवीत रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड करून बसले होते.

"सगळा मुंबैच्या दुकानातला होता, सेक्रेटरीनू," ते म्हणाले. "पुस्तक वाचून केलेला. उसनो ससो टोपयेतसून भायर येता. पण तो आपल्याक वळखणा नाय."

आतून मनूकाकी म्हणाली, "गेली ती पेटी? बरा झाला. माजे गुडघे दुकत होते."

"बघलास?" चंदूकाका आवाज खाली आणून म्हणाले. "सगळ्या गावान माजी जादू बघल्यान. हिना एक पण बघूक नाय."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. ससा कुठे दडवलाय ते तिला माहीत होतं, कारण त्याला गवत तीच घालायची. रुमाल तिनेच शिवले होते. आणि सगळ्यांत मोठा चमत्कार चालू असताना ती त्या चमत्काराच्या आत अंग चोरून बसलेली असायची. लोकांचं किंचाळणं तिला ऐकू यायचं, इतकंच. जादूगाराच्या बायकोने आयुष्यात जादू पाहिलेली नव्हती.

"एक खेळ माजो सोताचो करतलंय," ते म्हणाले. "खंयच नसललो. आणि तो हिका कळता नये. तवसर तुमच्या स्टेजार पाय ठेवचंय नाय."

मी वर्धापनदिनाच्या पत्रिकेतला जादूचा रकाना मोकळा ठेवला. वाचनालयात एकदा 'सर्जनशीलता' या विषयावर व्याख्यान झालं होतं. ते वक्त्याने कागदावरून वाचून दाखवलं होतं. त्यापलीकडे या विषयाचं माझं ज्ञान नसल्याने मी सल्ला दिला नाही.

चंदूकाकांनी एक दोनशे पानी वही आणली. किनाऱ्यावर, अंगणात, माजघरात मिळणारी एकेक वस्तू घेऊन तिच्यात काय जादू निघते ते पाहायचं, असा त्यांचा नेम होता. दुकानातली वस्तू वर्ज्य. पहिल्या महिन्यात त्यांनी शहाळं घेतलं. न फोडता आतलं पाणी नाहीसं करायचं, असा बेत होता. तीन आठवड्यांनी ते जमलं. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलंही. शेजारी म्हणाला, "काका, पाणी नाय म्हणजे नारळ जून झालो." बाकीच्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे नारळात पाणी नसणं याला चमत्कार म्हणत नाहीत, तक्रार म्हणतात.

मग कुर्ली, म्हणजे खेकडा. जादूगाराने उजवा हात हलवला की प्रेक्षक उजवीकडे पाहतो, आणि काम डाव्या हाताने होतं, हे या विद्येचं मूळ सूत्र. कुर्लीने ते मानलं नाही. तिचं लक्ष पहिल्यापासून डाव्या अंगठ्याकडे होतं. पुढचे पंधरा दिवस चंदूकाका पट्टी बांधलेला तळहात दाखवून चहा घेत होते.

त्यानंतर ते स्वतःच्या क्षेत्राकडे वळले. प्रेक्षकाची अंगठी मागून घ्यायची, नाहीशी करायची आणि बर्फाच्या लादीच्या पोटातून काढून दाखवायची. ही कल्पना खरोखरच मोठी होती. कारखान्यातल्या जुन्या मित्रांच्या मदतीने त्यांनी ती करूनही पाहिली. अडचण एकच होती. लादी गोठायला दीड दिवस लागे. तेवढा वेळ प्रेक्षकांना बसवून ठेवायचं तर मध्ये व्याख्यान ठेवावं लागलं असतं, आणि मग ते थांबले नसते.

पण चंदूकाकांचा खरा डाव बांगड्यांवर होता. वहीत त्यांनी लिहिलं होतं: बांगडो कापूचो, जोडूचो. मनूकाकीने स्वतःच्या टोपलीतला बांगडा घ्यायचा, स्वतःच्या कोयतीने दोन तुकडे करायचे, तुकडे कापडाखाली ठेवायचे. कापड काढलं की अखंड बांगडा. तुकडे कुठे जातात आणि दुसरा बांगडा कुठून येतो हे मी सांगणार नाही. त्यांनी मला तसं बजावलं होतं आणि मी ते पाळतो. हात मात्र अप्रतिम फिरला होता. तिठ्यावर भर सकाळी, चार गिऱ्हाइकं उभी असताना त्यांनी तो खेळ केला. कापड उचललं, गिऱ्हाइकं 'अगे बाय!' म्हणाली.

मनूकाकी वाकलीसुद्धा नाही.

"हो आमचो न्हय," ती म्हणाली.

"आमचो न्हय म्हणजे? तुज्याच टोपलेतलो."

"माजो होतो तो सकाळचो. ह्येका बर्फ लागललो आसा. डोळो बघ कसो मेललो. कारखान्यातसून आणलंस मा?"

चंदूकाकांनी कापडाची घडी घातली. त्यांनी खरंच बांगडा कारखान्यातूनच आणला होता. दुसरा माल हातचा असावा म्हणून. प्रेक्षकाला दोन वस्तू सारख्या दिसतात या भरवशावर जगभरची जादू उभी आहे. दोन बांगडे सारखे दिसतात असं समजणाऱ्या माणसाने जादूगार व्हायला हरकत नाही, पण मासळी विकणाऱ्या बाईच्या समोर बसू नये. मनूकाकीने तो बर्फाचा बांगडा उचलून मांजराला टाकला. मांजराने वास घेतला आणि विचार करायला वेळ घेतला.

"झाला," मनूकाकी गिऱ्हाइकांना म्हणाली, "आता गप बसतलो."

ते गप्प बसले, पण तिच्या शेजारीच. रोज सकाळी तिच्याबरोबर तिठ्यावर यायचे, उलट्या क्रेटवर बसायचे, मांडीवर वही. लोकांना वाटलं, म्हातारा संपला. "बायलेच्या टोपलेची राखण करता," असं कोणी म्हणे. मनूकाकीलाही ते नकोसं होई. "मेल्या, घराक जाऊन निज. गिऱ्हाइकांका वाटता मी तुका पण विकूक ठेवलंय." चंदूकाका तळहात दाखवून गिऱ्हाइकाकडचा चहा घेत आणि बसून राहत.

एकदा मी त्यांना विचारलं, काय लिहिता. त्यांनी वही पुढे केली. पानाच्या मध्ये रेघ ओढली होती. डाव्या बाजूला 'माणूस खंय बघता' आणि उजव्या बाजूला 'माणूस खंय बघणा नाय'. डावी बाजू भरगच्च होती. काटा, कल्ले, शेजारणीची टोपली, येणारी एसटी. उजव्या बाजूला, दोन महिने तिठ्यावर बसून, फक्त एकच ओळ होती. ती त्यांनी अंगठ्याखाली झाकली.

"जादू वस्तूत नसता, सेक्रेटरीनू," ते म्हणाले. "मी उगाच नारळ फोडत बसलंय. पत्रिकेत माजा नाव घाला."

मी घातलं. 'विश्वविख्यात' घालायचं का, असं विचारलं. ते म्हणाले, "नको. चंद्रकांत तांडेल पुरे."

वर्धापनदिन डिसेंबरात. दुपारी चारची वेळ. कपाटवाले गृहस्थ पुन्हा प्रमुख पाहुणे होते, कारण या वर्षी त्यांनी पंखा दिला होता. व्याख्यान झालं. मग स्टेजवर एक टेबल, टेबलाजवळ मनूकाकी, तिची टोपली आणि काथ्याची पिशवी. चमकीची ओढणी नव्हती. रोजचं लुगडं होतं.

"माका काय करूचा लागतला?" तिने सगळ्यांसमोरच विचारलं.

"काय नाय," चंदूकाका म्हणाले. "रोज इकतंस तशी इक. मी गिऱ्हाईक."

आणि ते स्टेजच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. मला वर बोलावून त्यांनी आपले दोन्ही हात रुमालाने डोक्यावर बांधून घेतले. त्या अवस्थेतही त्यांनी आधी तळहात दाखवले. "आता मी खंयच हात लावूचंय नाय. पाच बांगडे दी. सगळ्यांका दाखवन मोज."

मनूकाकीने एकेक बांगडा शेपटीला धरून वर उचलला आणि पिशवीत टाकला. एक. दोन. तीन. चार. पाच. सभागृहाने तिच्याबरोबर मोजलं.

मग चंदूकाकांनी तक्रार सुरू केली. बांगडे बारीक आहेत. भाव फार सांगितला. शेजारची बाई यापेक्षा कमी घेते. हात डोक्यावर बांधलेला माणूस भाव पाडतोय हे दृश्य मी पूर्वी पाहिलं नव्हतं. मनूकाकी आधी हसत उत्तरं देत होती. मग शेजारणीचं नाव दुसऱ्यांदा आलं आणि तिचं हसू गेलं.

"मगे जा थंय! जा तिच्याकडे! अडतीस वर्षां तुका कोणी रांधून घातल्यान? तिना?"

"तिच्या बांगड्याक चव तरी आसा."

सभागृह ओरडलं. पुढच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक जण "सोडू नको गो!" म्हणाली. पाहुणे मागे आपल्या टेबलाशी भाषणाचा कागद चाळत होते.

"घे, मेल्या!" मनूकाकीने हात झटकला. "जल्माचो भिकारी!" आणि पिशवीचं तोंड आवळून तिने ती मागे पाहुण्यांच्या टेबलावर आपटली. भाषणाचा कागद ओला झाला.

चंदूकाका थांबले. मग एकदम शांत आवाजात म्हणाले, "किती घातलंस?"

"पाच! गावान मोजल्यान!"

"पाच!" गाव म्हणालं.

"पाव्हण्यानू, मोजा."

पाहुण्यांनी नाइलाजाने पिशवी उघडली. दोन बोटांनी एकेक बांगडा काढून टेबलावर ठेवला. पाचव्यानंतर त्यांनी पिशवीत पुन्हा पाहिलं आणि आणखी एक काढला.

सहा.

तोवर कोणीही जागचं हललं नव्हतं. चंदूकाका वीस फुटांवर, हात डोक्यावर. लोक ओरडले नाहीत. गप्प झाले. हे मी आमच्या सभागृहात व्याख्यानाखेरीज प्रथमच पाहिलं.

मनूकाकी टेबलावर वाकली. तिने सहावा बांगडा उचलला, कल्ला वर करून पाहिला, डोळा पाहिला, पोट दाबलं. पुन्हा कल्ला पाहिला. आम्ही सगळे वाट पाहत होतो. चंदूकाका सर्वांत जास्त.

"आमचोच आसा," ती हळूच म्हणाली. "सकाळचो."

मग तिने चंदूकाकांकडे पाहिलं. वाचनालयाच्या कार्यक्रमांत मी प्रेक्षकांचे चेहरे पुष्कळ वर्षं पाहत आलोय. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी फक्त सर्वांत पुढे सतरंजीवर बसणाऱ्या पहिलीच्या मुलांच्या चेहऱ्यावर पाहिलंय, तेही पहिल्यांदा ससा निघतो तेव्हा. तोंड उघडं राहिलं होतं. बांगडा हातातच होता.

"कसो रे?" ती म्हणाली. "कसो केलंस?"

मी त्यांचे हात सोडले. त्यांनी तिला दोन्ही तळहात दाखवले. सरळ, उलटे, सरळ.

पाहुण्यांना पुन्हा बोलायचं होतं. ते उभे राहिले, म्हणाले, "हे मात्र मी मोबाइलवर..." आणि पुढचा शब्द सापडेना म्हणून बसले. त्यांचं आमच्याकडचं हे सर्वांत चांगलं भाषण झालं.

तो खेळ चंदूकाकांनी पुन्हा केला नाही. दोन-तीन गावांतून बोलावणी आली, एका पर्यटन महोत्सवाने गाडी पाठवायची तयारी दाखवली. ते नको म्हणाले. लोक म्हणू लागले, एक खेळ जमला आणि म्हाताऱ्याला शिंगं फुटली. मलाही थोडंसं तसंच वाटलं. आयुष्यभर दुसऱ्याचे खेळ हजार वेळा करायचे आणि स्वतःचा एकदाच, याला काय म्हणावं? मनूकाकी तर रोज विचारी. तिठ्यावर, गिऱ्हाइकांसमोर, भांडताना, लाडात. "सांग मरे, कसो केलंस?" ते समुद्राकडे बघत बसत.

चंदूकाका गेल्या श्रावणात गेले. त्याच्या आधी दोन-अडीच महिने, मासेमारी बंद व्हायच्या आधी, मी मासळीला तिठ्यावर गेलो होतो. ते क्रेटवर बसले होते, बनियनवर. वही नव्हती.

"पाच बांगडे दी," मी म्हटलं. मनूकाकीने मोजून टाकले. त्या वर्धापनदिनापासून ती मोठ्याने मोजे. शेपटीला धरून, एकेक, गिऱ्हाइकाला दाखवत. आपली फसगत पुन्हा होऊ नये म्हणून. मी सवयीने म्हटलं, फार सांगतेस गो, बारीक आहेत. ती म्हणाली, बारीक तुजे डोळे. मी म्हटलं, मग वर एक तरी घाल.

"घे, मेल्या!" ती म्हणाली, माझ्याकडे बघत, आणि तिचा हात टोपलीत जाऊन पिशवीकडे झटकला गेला. "हयसर सगळे भिकारीच येतत." पिशवीचं तोंड आवळून तिने ती माझ्या हातात दिली. "पाच. मोजून घी, मगे सांगू नको."

मी पिशवी धरून उभा राहिलो. मीही या बाईकडून वीस वर्षं मासे घेत होतो. वीस वर्षं शिवीबरोबर एक बांगडा वर पडत होता. तो मी कधी मोजला नव्हता, ती कधी मोजत नव्हती, आणि गावात कोणीच मोजत नव्हतं. तिला सांगितलं असतं, की बाई, तू सहावा टाकतेस, तर तिला ते कळलं असतं. आणि मग तो हात पुन्हा कधी तसा गेला नसता.

मी चंदूकाकांकडे पाहिलं. मी पाहिलंय हे त्यांनी पाहिलं होतं. मनूकाकी पुढच्या गिऱ्हाइकाला मोजत होती, एक, दोन, तीन.

चंदूकाकांनी नसलेल्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि मला दोन्ही तळहात दाखवले. सरळ, उलटे, सरळ. त्यांत काहीही नव्हतं.